सेल्फ बदलण्याआधी अर्थिंग मोजा

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. गाडी सुरू न होण्याच्या एका साध्या कारणाकडे, म्हणजे बिघडलेल्या अर्थिंगकडे, आपल्या शहरातील गाडीमालकांचे, आणि खेदाने म्हणावे लागते की पुष्कळशा गॅरेजवाल्यांचेही, लक्ष जात नाही. त्यापायी चांगल्या बॅटऱ्या आणि चांगल्या स्टार्टर मोटरी (ज्यांना आपण ‘सेल्फ’ म्हणतो) विनाकारण बदलल्या जातात. नुकताच हा अनुभव माझ्या घरीच आला, म्हणून हे पत्र. विषय थोडा तांत्रिक असल्याने पत्र लांबले आहे, तरी ते शक्यतो पूर्ण छापावे अशी विनंती आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. माझ्या मुलीची लहान पेट्रोल गाडी त्या पहाटे अशाच एका वस्तीत घरासमोर उभी होती आणि पाणी तिच्या चाकांच्या वरपर्यंत चढले होते. पुढे विम्यातून गाडीची दुरुस्ती झाली, सीट आणि खालचे गालिचे बदलले गेले, इंजिनचे व गिअरबॉक्सचे ऑईल बदलले गेले, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी धावू लागली. त्यानंतर कितीतरी महिने काहीच तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात, ऐन नवतपात (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), त्रास सुरू झाला. सकाळी गाडी विनातक्रार सुरू व्हायची. दुपारी वर्धा रोडवर तीन-चार तास उन्हात उभी राहिली की किल्ली फिरवताच ‘कट’ असा एकच आवाज यायचा, डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे आणि इंजिन जडपणे अर्धा फेरा घेऊन थांबायचे. दोन-तीनदा तिला रस्त्यावरच्या लोकांकडून धक्का मारून घ्यावा लागला.

गॅरेजमध्ये पहिल्या खेपेस बॅटरी ‘बसली’ असे सांगून नवी बॅटरी घातली. तीन आठवडे गाडी उत्तम चालली. पुन्हा तोच त्रास झाला तेव्हा सेल्फ ‘गेला’ असे निदान झाले आणि दुरुस्त करून ठेवलेला दुसरा सेल्फ बसवण्यात आला. तो दहा दिवस चालला. तिसऱ्या खेपेस पूर्ण वायरिंग बदलण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुलीने मला फोन केला. तोवर तिचे अकरा हजारांहून अधिक रुपये खर्च झाले होते. त्या गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवले असे माझे म्हणणे नाही, आणि म्हणून त्याचे नावही मी येथे देत नाही. त्याने तिन्ही वेळा अंदाज केला आणि एकदाही मोजमाप केले नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

येथे अर्थिंग म्हणजे काय हे सांगणे आवश्यक आहे, कारण घरातल्या अर्थिंगच्या कल्पनेमुळे गोंधळ होतो. घरात अर्थिंग म्हणजे सुरक्षेसाठी जमिनीत पुरलेली हिरवी तार. गाडी रबरी टायरांवर उभी असते आणि तिच्या अर्थिंगचा जमिनीशी काहीएक संबंध नसतो. गाडीत बॅटरीच्या धन टोकापासून प्रत्येक वस्तूपर्यंत तार जाते, परंतु परतीची वेगळी तार टाकण्याऐवजी गाडीच्या पत्र्याचा आणि इंजिनच्या धातूचाच परतीच्या वाटेसाठी उपयोग केला जातो. स्टार्टर मोटर ही तर बहुतेक गाड्यांत स्वतःच्या अंगानेच, म्हणजे ज्या बोल्टांनी ती गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या आवरणाला घट्ट केलेली असते त्या बोल्टांमधून आणि त्या बैठकीमधून अर्थ मिळवते. आता इंजिन आणि गिअरबॉक्स हे रबरी माउंटिंगवर टांगलेले असतात. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनपासून बॉडीपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जाड केबल अथवा तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी लावलेली असते, आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह या एका पट्टीतून परत येतो.

हा प्रवाह किती, याची कल्पना सर्वसाधारण वाचकाला नसते. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना सव्वाशे ते दोनशे अँपिअर घेतो, डिझेल गाडीचा त्याहूनही जास्त. ओहमचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत: वाटेतला विरोध गुणिले प्रवाह एवढा दाब वाटेतच खर्च होतो. विरोध अवघा ०.०१ ओहम असला आणि प्रवाह २०० अँपिअर असला, तर २ व्होल्ट वाटेतच जिरतात. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट जाणे म्हणजे सेल्फची ताकद निघून जाणे. आणि हा ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर दिसूच शकत नाही, कारण त्या मीटरच्या दोन तारांचाच विरोध त्याच्या दहापट किंवा अधिक असतो. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत राहिली असली, तरी मीटर ‘बीप’ वाजवून सर्व ठीक असल्याचा कौल देतो. टेस्ट लॅम्पही पेटतो, कारण त्या छोट्या दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो. माझ्या मते अर्थिंगचा दोष गॅरेजमध्ये सुटून जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे: तपासणी केली जाते, पण भार नसताना केली जाते.

भार असताना तपासण्याची रीत अगदी सोपी आहे. मी मुलीच्या गाडीवर केली तीच येथे तपशीलवार सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन मध्येच सुरू होऊन मोजणी बिघडू नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी नुसती बॅटरी मोजली: १२.५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ भरलेली. मग मुलीला सेल्फ मारायला सांगितला आणि तेवढ्या वेळात बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मोजले: ११.४ व्होल्ट. येथेच माझी निम्मी शंका फिटली. बॅटरी कमजोर असती तर सेल्फच्या भाराखाली ती साडेनऊच्याही खाली घसरली असती. इंजिन जडपणे फिरत असताना बॅटरी मात्र ११.४ वर ठाम उभी आहे, याचा अर्थ प्रवाहच पुरेसा वाहत नव्हता आणि अडथळा बॅटरीच्या पुढे कुठेतरी होता.

दुसऱ्या मोजणीत धन बाजू पाहिली. मीटरची एक टोकणी (प्रोब) बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरी सेल्फच्या सोलेनॉइडवरील (सेल्फला प्रवाह जोडून देणाऱ्या स्विचवरील) मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्ट. हे चालण्यासारखे आहे. तिसऱ्या मोजणीत एक टोकणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर ठेवली. ‘बाबा, मारू का?’ असे विचारून मुलीने किल्ली फिरवली आणि मीटरवर २.७ व्होल्ट आले. हा आकडा येथे ०.२ च्या आत असायला हवा होता. ११.४ मधून एका बाजूचे ०.३ आणि दुसऱ्या बाजूचे २.७ वजा केले की सेल्फच्या वाट्याला ८.४ व्होल्टच उरत होते. म्हणजे जुना सेल्फ असो की नवा, दोघेही अर्धपोटीच काम करत होते.

दोष ऋण बाजूला आहे हे कळले, तरी नेमका कोणत्या सांध्यात आहे हे शोधण्यासाठी तीच वाट तुकड्यातुकड्याने मोजायची असते. ऋण खुंटी ते तिच्यावरचे क्लँप: ०.०२. क्लँप ते बॉडीवरचा बोल्ट: ०.१. गिअरबॉक्सचे आवरण ते सेल्फचे अंग: ०.०८. आणि बॉडी ते गिअरबॉक्स: २.५. आता मुद्देमाल समोर होता. बॉडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ती विणलेली पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली, वरून हात पोहोचणार नाही अशा जागी होती. बोल्ट चकचकीत नसला तरी घट्ट होता. त्यावर पाना लावून कोणीही ‘टाइट आहे’ असेच म्हटले असते. परंतु लगच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाला असलेल्या बोल्टखालच्या धातूच्या कडीच्या, तोंडाशी जिथे तारा दाबून बसवलेल्या असतात, तिथे बोटाने चोळताच मोरचुदाच्या रंगाची भुकटी हातावर आली आणि पट्टी वाकवताच तारा काडीसारख्या मोडल्या. धरून राहिलेल्या तारा मोजल्या तर दहा-बारा भरल्या. पुराचे पाणी त्या विणीत शिरले, केशाकर्षणाने लगच्या आत गेले आणि तिथून कधी वाळलेच नाही. तांबे आतून कुजत राहिले. दीडेक फुटाची नवी पट्टी काहीशे रुपयांत मिळाली. ती बसवल्यावर बॉडी ते गिअरबॉक्स ही मोजणी २.५ वरून ०.०८ व्होल्टवर आली, आणि गाडी भर दुपारीही पहिल्या झटक्यात सुरू होऊ लागली.

आता कोणी विचारेल की दोष पट्टीचा होता तर नव्या बॅटरीने तीन आठवडे गाडी चालली कशी? हाच प्रश्न अनेकांना चुकीच्या निदानाकडे नेतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी भाराखाली जरा अधिक दाब टिकवते. त्या जास्तीच्या दाबावर सेल्फ कसाबसा पण पुरेसा फिरतो. मात्र अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना वीज तयार करणारे यंत्र, हाही इंजिनवरच बसवलेला असतो आणि त्याचीही परतीची वाट हीच पट्टी असते. गाडी चालू असताना दिवे, रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर या सर्वांचा प्रवाह बॉडीत येतो आणि या पट्टीतून अल्टरनेटरकडे परततो. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी आणि पंखा सतत चालू. सगळे मिळून चाळीस अँपिअर धरले, तरी त्या कुजक्या पट्टीत एक व्होल्टच्या आसपास दाब खर्च होत होता. अल्टरनेटर स्वतःच्या अंगावर १४.२ व्होल्ट देत असला, तरी बॅटरीला तेरा-सव्वातेराच मिळत होते. अशी अर्धवट भरली जाणारी बॅटरी हळूहळू खालावते, तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा ‘बॅटरी बसली’. म्हणजे अर्थिंगचा दोष बॅटरीलाही मारतो आणि वर आळही बॅटरीवरच येतो. सकाळी गाडी सुरू होण्याचे आणि दुपारी न होण्याचे कारणही यातच आहे: तापलेल्या धातूचा विरोध वाढतो, तांब्याचा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, आणि बॉनेटखाली पन्नास अंशांनी तापमान चढले तर तो वीस टक्क्यांनी वाढतो. चांगल्या पट्टीला हे वीस टक्के जाणवतही नाहीत. मरायला टेकलेल्या पट्टीला तेवढे पुरेसे असतात.

इंजिनला बॉडीकडे जाणारी नीट वाट मिळाली नाही, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो, हेही गाडीमालकांनी ध्यानात ठेवावे. संस्थेच्या कार्यशाळेत एकदा एक गाडी आली होती, जिची अ‍ॅक्सिलरेटरची केबल वारंवार जाम होत होती. केबल बदलून बदलून मालक थकला होता. सेल्फ मारताना त्या केबलच्या आवरणाला हात लावला तर चटका बसला. अर्थिंगची पट्टी कोणीतरी काढून पुन्हा लावायची विसरला होता आणि सेल्फचा प्रवाह त्या बारीक केबलच्या पोलादी आवरणातून जात होता. आतले प्लास्टिक वितळून केबल अडकत होती. तेव्हापासून मी प्रशिक्षणार्थ्यांना सांगत आलो की क्लच, गिअर किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम होत असेल, तर केबलला हात लावण्याआधी अर्थिंग पाहा.

ज्यांच्याजवळ मीटर नाही त्यांच्यासाठी एक घरगुती परीक्षा आहे. जंप केबलच्या जोडीतील एकच जाड केबल घ्यावी, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे इंजिनवरच्या रंग नसलेल्या जाड धातूला, इंजिनच्या फिरत्या बेल्टांपासून व पंख्यापासून दूर, पकडवावे आणि सेल्फ मारावा. एरवी मरगळलेला सेल्फ एकदम जोमाने फिरला, तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला. शेवटची पकड नेहमी इंजिनच्या बाजूला लावावी, बॅटरीवर नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो आणि तिथे ठिणगी उडणे धोक्याचे असते. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी सांभाळावी. रेडिएटरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. एका वेळी पाच-सात सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि दोन खेपांमध्ये मिनिटभर थांबावे. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून गाडी सुरू करण्याची जी पद्धत अजूनही रस्त्यावर दिसते, ती कृपया कोणी वापरू नये. गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

प्रत्येक वेळी दोष अर्थिंगचाच असतो असे मी म्हणत नाही. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज येत नसेल तर किल्लीचा स्विच, रिले, किंवा क्लचखालचा स्विच पाहावा लागतो. सेल्फ नुसताच भर्रकन फिरून इंजिन हलत नसेल तर बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फचे दाते इंजिनच्या चाकाशी जुळवणाऱ्या भागाचा, दोष असतो. आणि दोन्ही बाजूंची मोजणी चांगली असूनही सेल्फ ‘कट’ करून थांबत असेल तर कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. पण हे सर्व ठरवण्याआधी ती दोन मिनिटांची मोजणी झालीच पाहिजे.

आपल्या शहरात या दोषाचे आणखी एक कारण मला वारंवार दिसते, ते डेंटिंग-पेंटिंगच्या वेळचे. अपघातानंतर समोरचा भाग खोलला जातो, पत्र्यावर प्रायमर आणि रंग मारला जातो, आणि अर्थिंगचा लग त्या ताज्या रंगावरच बोल्टने कसला जातो. रंग हा वीज अडवणारा थर आहे. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा मिळेल तेवढाच अर्थ मिळतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे गंज चढला की तोही जातो. लग जिथे टेकतो तिथला रुपयाच्या नाण्याएवढा भाग पॉलिश पेपरने उघडा करून, दातेरी वायसर घालून, बोल्ट घट्ट करून मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावणे, एवढेच काम असते. ग्रीस आधी लावून मग बोल्ट कसण्यापेक्षा ही रीत बरी. अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरबॉक्सवर तांब्याचा लग असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये ओल साचली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी तयार होते. बॅटरीच्या खुंटीवर पांढरा-निळसर थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो धुवावा, वायर ब्रशने खुंटी आणि क्लँपची आतली बाजू घासावी. काढताना ऋण टोक आधी काढावे आणि लावताना ऋण टोक शेवटी लावावे, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत ऋण टोकावर बॅटरीचा सेन्सर असतो; तिथे ठोकाठोक न करता कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या अर्थच्या जागेचाच उपयोग करावा.

या पत्राद्वारे माझ्या तीन विनंत्या आहेत. गॅरेजचालकांनी बॅटरी किंवा सेल्फ बदलण्यापूर्वी सेल्फ मारतानाच्या तीन मोजण्या, म्हणजे बॅटरीचा दाब, धन बाजूची घट आणि ऋण बाजूची घट, बिलावर लिहून द्याव्यात. ग्राहकांनीही त्या मागाव्यात, त्यात संकोच कसला? पुरात बुडालेल्या गाड्यांची दुरुस्ती मंजूर करताना विमा कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी सीट आणि गालिच्यांबरोबर अर्थिंगच्या सर्व पट्ट्या बदलण्याची नोंद करावी. हा खर्च एकूण बिलाच्या मानाने नगण्य आहे. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील माझ्या सहकाऱ्यांनी भाराखालची ही चाचणी फळ्यावर न शिकवता प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या हातून किमान पाच-सहा गाड्यांवर करून घ्यावी. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत किंवा स्वतःच्या छोट्या गॅरेजात काम करणारी उद्याची मुले यांतूनच येणार आहेत.

मुलीच्या गाडीतून काढलेली ती पट्टी मी फेकली नाही. लग उभा कापून आतला हिरवा भाग दिसेल अशी ती एका फळीवर लावली आहे, आणि येत्या सत्राच्या सुरुवातीला संस्थेच्या कार्यशाळेत नेऊन देणार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नागपूर